मान किती वाकतो?

विजय तेंडुलकरांच्या ‘कमला’ (१९८१) नाटकातला पत्रकार जयसिंग बातमीसाठी बाई विकत आणतो, पत्रकारांपुढे उभी करतो. बायको सरिता त्याच्या लेखी घरचं सामान. हरमलातल्या आपल्या बायका लगेच म्हणतील, ‘हा आजारच!’ पण थांबा गं. कौतुकाची भूक हा स्वभावही असतो. तरुणपणापासून, घरीदारी, नऊपैकी किमान पाच लक्षणं ठाण मांडून बसली, तरच मानसोपचारतज्ज्ञ त्याला व्यक्तिमत्त्वाचा विकार म्हणतात. ‘गोम्मटसारा’त मान कषायाला वेत, लाकूड, हाड, दगड अशा उपमा आहेत. कसोटी तीच: वाकतो किती? नाटकात जयसिंगचे थोडेच दिवस दिसतात. तेवढ्यावर निदान होत नाही. मात्र कमला सरिताला तिची किंमत विचारते, तेव्हा सरिताचे डोळे उघडतात. त्यासाठी रोगाचं नाव लागत नाही.