पर्यावरणाचा तास वेगळा, विज्ञानाचा वेगळा

आजचा मुद्दा शिक्षकांच्या तयारीचा आहे, पण सुरुवात न्यायालयापासून करतो. १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पर्यावरण हा शिक्षणात सक्तीचा विषय असावा. हेतू उत्तमच होता. आपण त्याचं काय केलं? एक पुस्तक वाढवलं, एक प्रकल्पवही वाढवली. आणि गणित-विज्ञानाच्या शिक्षकाला वाटलं, चला, ही जबाबदारी काही आपली नाही.

दुसरा रस्ता कुणी सुचवलाच नव्हता असं नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी जे अभ्यासगट नेमले, त्यातल्या परिसर आणि शिक्षण या विषयाच्या गटाचे अध्यक्ष माधव गाडगीळ होते. त्या गटाचं म्हणणं असं, की पर्यावरण सगळ्याच विषयांत मिसळा. मुलांना आपल्या परिसराच्या नोंदी घेऊ द्या, आणि त्या सगळ्यांना बघता येतील अशा साठवा. म्हणजे मूल नुसतं पाठ करणारं नाही, माहिती तयार करणारं. ही कल्पना मला आजही मोलाची वाटते. माझा आक्षेप आहे तो पुढच्या अंमलबजावणीवर. मोजायला शिकवणाऱ्याने आधी स्वतः मोजलेलं असावं लागतं ना?

एक साधं उदाहरण घेऊ. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की पाणी होतं बरोबर एक लिटर. शाळेचं छप्पर २०० चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटर धरा. झाले १,२०,००० लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला असं मानलं तरी ९६,००० उरतात. शाळेत २४० मुलं असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला ४०० लिटर! इथवर घनफळाचं गणित. आता पुढे बघा. टाकी केवढी लागेल? पहिल्या पावसाचं पाणी सोडून का द्यायचं? हे पाणी पिता येईल का, आणि ते ठरवायचं कसं? इथे रसायनशास्त्र आलं, जीवशास्त्र आलं, अभियांत्रिकीही आली. पर्यावरणासाठी वेगळा तास काढावाच लागला नाही.

पण एका प्रशिक्षणात मी हेच गणित मांडलं, तेव्हा एका शिक्षिकेने विचारलं, “सर, याचं उत्तर मार्गदर्शिकेत असेल का?” मला हसू आलं नाही. तिची भीती खरी आहे. मुलांनी मोजलेले आकडे एकमेकांशी जुळले नाहीत, तर वर्गासमोर काय बोलायचं, हे तिला कुणी कधी शिकवलेलंच नाही. आपल्या प्रशिक्षणांत भाषणं असतात, स्लाइड असतात, शेवटी रोप लावून फोटो असतो. पर्जन्यमापक मात्र कपाटात.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक भावी विज्ञान-गणित शिक्षकाने प्रशिक्षणाच्या काळात एक पावसाळा तरी रोजचा पाऊस मोजावा, एका विहिरीची पातळी नोंदवावी, आणि आकडे का जुळले नाहीत यावर सहकाऱ्यांशी वाद घालावा. “मला माहीत नाही, चला मोजून बघू,” हे वाक्य ज्याला वर्गात न घाबरता म्हणता येतं, त्याची तयारी झाली असं मी समजेन.