मोरेव्हियन मंडळीची जीवनवृत्ते : एक चिकित्सक परिशीलन

सन 2024 मध्ये जर्मनीतील हेर्नहुट, अमेरिकेतील बेथलेहेम आणि उत्तर आयर्लंडमधील ग्रेसहिल या वसाहती जागतिक वारसा यादीत दाखल झाल्या. डेन्मार्कमधील क्रिस्टियान्सफेल्डला हा मान 2015 मध्येच मिळाला होता. अठराव्या शतकात मोरेव्हियन बंधुमंडळीने उभारलेल्या या गावांतील साधी, निरलंकार घरे आणि एकसारख्या आडव्या शिलांची दफनभूमी यांविषयी त्यामुळे पुष्कळ लिहिले जाऊ लागले आहे. परंतु या घरांत राहिलेल्या माणसांनी एक वाङ्मयप्रकारही मागे ठेवला आहे, आणि त्याचा परिचय मराठी ख्रिस्ती वाचकास बेताचाच आहे. मंडळीच्या सभासदाने, मग तो सुतार असो, परीट असो की बिशप, आपल्या आयुष्याची हकीकत स्वतः लिहावी अथवा दुसऱ्यास सांगून लिहवून घ्यावी, आणि त्याच्या अंत्यविधीच्या वेळी ती मंडळीपुढे वाचली जावी, अशी ही प्रथा होती. जर्मन भाषेत या लेखाला ‘लेबेन्सलाउफ’ म्हणतात. आपण त्यास ‘जीवनवृत्त’ म्हणू.

अशी हजारो जीवनवृत्ते हेर्नहुट व बेथलेहेम येथील दप्तरखान्यांत जपलेली आहेत. 1997 साली कॅथरीन फॉल या विदुषीने बेथलेहेमच्या भगिनींची निवडक जीवनवृत्ते इंग्रजीत प्रसिद्ध केली, तेव्हापासून अभ्यासकांचे त्यांकडे विशेष लक्ष वेधले आहे. ती वाचताना समीक्षकापुढे एक प्रश्न उभा राहतो : या लेखनात बोलतो तो कोण, सभासद की मंडळी? प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. तो निव्वळ वाङ्मयाचा प्रश्न नव्हे, हे पुढे दिसून येईल.

1. प्रथेची बैठक

मोरेव्हियन मंडळी आपला उगम 1457 साली बोहेमियातील कुनवाल्ड येथे स्थापन झालेल्या बंधुसंघात मानते. 1415 मध्ये जिवंत जाळल्या गेलेल्या यान हुस यांचा वारसा त्या संघाने चालविला. छळामुळे विखुरलेल्या या परंपरेतील काही कुटुंबे 1722 मध्ये सॅक्सनीत काउंट झिन्झेन्डॉर्फ यांच्या जमिनीवर येऊन राहिली, आणि हेर्नहुट वसले. प्रारंभीची वर्षे भांडणांची होती. 1727 च्या मे महिन्यात सर्वांनी एकत्र राहण्याचा करारनामा स्वीकारला. 13 ऑगस्ट रोजी प्रभुभोजनाच्या वेळी झालेल्या समेटाला ही मंडळी आपला पुनर्जन्म समजते.

याच सुमारास मंडळीची जी रचना आकारास आली, ती जीवनवृत्तांची खरी जननी होय. सभासदांची विभागणी वय, लिंग व विवाहस्थिती यांनुसार गणांत केलेली असे : बालके, मोठे मुलगे, मोठ्या मुली, अविवाहित बंधू, अविवाहित भगिनी, विवाहित, विधुर आणि विधवा. त्यांचा मूळ शब्द ‘कोर’ असा आहे. आपल्या उपासनेतील गायनवृंदाशी त्याची गल्लत करू नये. प्रत्येक गणाची स्वतंत्र उपासना व स्वतंत्र सणाचा दिवस असे. अविवाहित बंधू व भगिनी आपापल्या गृहांत एकत्र राहत. स्त्रियांच्या टोपीच्या फितीवरून त्यांचा गण ओळखू येई : अविवाहितेची फीत गुलाबी, विवाहितेची निळी, विधवेची पांढरी. सभासद मरण पावला की तुताऱ्यांवर त्याच्या गणाचा ठरलेला सूर वाजे. तो ऐकून कामावरच्या माणसास कळे की आज कोणत्या गणातील मनुष्य गेला. दफनही कुटुंबाशेजारी न होता गणातील सोबत्यांशेजारी होई.

या रचनेमागे झिन्झेन्डॉर्फ यांचा एक ईश्वरविज्ञानात्मक विचार होता. तारणारा अर्भक झाला, बालक झाला, हाताने काम करणारा तरुण झाला. म्हणून मनुष्याच्या आयुष्यातील प्रत्येक अवस्था त्याच्या देहधारणामुळे पवित्र झाली आहे. आयुष्याचा अर्थ परिवर्तनाच्या एका क्षणात शोधावयाचा नसून प्रत्येक अवस्थेत शोधावयाचा आहे. हाले येथील भक्तिपंथी शिक्षकांनी पश्चात्तापाच्या तीव्र झगड्यावर भर दिला होता. असा झगडा प्रत्येकाने अनुभवलाच पाहिजे हे झिन्झेन्डॉर्फ यांस मान्य नव्हते.

1747 च्या सुमारास त्यांनी जीवनवृत्तांच्या प्रथेस उत्तेजन दिले, ते या विचाराशी सुसंगतच होते. जीवनवृत्त म्हणजे एका अर्थी गणव्यवस्थेचेच गद्य रूप. बालपण, जागृती, मंडळीत स्वीकार, एका गणातून दुसऱ्या गणात प्रवेश, सोपविलेली सेवा आणि अखेरचा आजार, हा त्याचा ठरलेला क्रम. निवडक वृत्ते हस्तलिखित वार्तापत्रांतून एका वसाहतीहून दुसऱ्या वसाहतीकडे जात. ग्रीनलंडमधील सेवकास पेन्सिल्व्हेनियातील विधवेचे आयुष्य अशा रीतीने वाचावयास मिळे.

2. दोन हात

या वाङ्मयाचे सर्वांत बोलके वैशिष्ट्य असे की, मनुष्य आपले मरण स्वतः लिहू शकत नाही. त्यामुळे बहुतेक वृत्तांत एका ठिकाणी लेखणी दुसऱ्याच्या हाती जाते. ‘मी’ थांबतो आणि ‘आमचा बंधू’ किंवा ‘आमची भगिनी’ सुरू होते. शेवटच्या दिवसांतील बोलणे, कोणी कोणते गीत गायिले, कोणत्या घटकेस प्राण गेला, हे दुसरा कोणी लिहितो. आपण एकट्याने आपल्या आयुष्याची पूर्तता करू शकत नाही. ती बंधुजनांनी करावयाची असते, हा मंडळीविषयीचा सिद्धांत येथे लेखनाच्या शिवणीतच दिसतो. ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’मध्ये एक आत्मा देवाशी बोलतो आणि आपण ते ऐकतो. येथे मनुष्य मंडळीशी बोलतो, आणि ते बोलणे मंडळी पुरे करते.

परंतु ही शिवण जशी प्रेमाची तशीच धोक्याचीही आहे. जो हात शेवट लिहितो, तो आरंभावरूनही फिरू शकतो.

3. अँड्र्यू आणि मॅग्डलीन

हा धोका आणि या वाङ्मयाचे बळ ही दोन्ही बेथलेहेमच्या एका दांपत्याच्या वृत्तांत दिसतात.

पती अँड्र्यू. आफ्रिकेतील इग्बो लोकांत जन्मलेल्या या माणसाचे मूळ नाव ओफोदोबेन्दो वूमा. त्याच्या वृत्तात आलेली हकीकत अशी की, वडील वारल्यावर भावाने एका माणसाकडून दोन बकऱ्या घेतल्या आणि त्यांबद्दल या लहान मुलास दोन वर्षांसाठी तारण म्हणून ठेवले. त्या माणसाने त्यास विकले. हस्ते परहस्ते तो समुद्रापार न्यूयॉर्कला पोहोचला. तेथे एका मालकाने त्यास मदिरा बेटाकडे विकून टाकण्याचा बेत केला, तेव्हा भयभीत होऊन त्याने गुडघे टेकून प्रार्थना केली. पुढे टॉमस नोबल नावाच्या व्यापाऱ्याने त्यास विकत घेतले, आणि त्यानेच तो मोरेव्हियन पुढारी स्पांगेनबर्ग यांस भेट म्हणून दिला. 1746 साली बेथलेहेम येथे त्याचा बाप्तिस्मा झाला. 1779 मध्ये तो तेथेच वारला.

पत्नी मॅग्डलीन. हिचाही जन्म आफ्रिकेतला. फिलाडेल्फियातील चार्ल्स ब्रॉकडेन यांची ती गुलाम होती, आणि हे ती आपल्या वृत्तात कोणताही आडपडदा न ठेवता सांगते. मालकास तिच्या आत्म्याची काळजी वाटली म्हणून त्याने तिला बेथलेहेमला पाठविण्याचे ठरविले. तिला जावयाचे नव्हते. जगाची आवड असल्यामुळे आपणास दुसऱ्या कोणास तरी विकावे, अशी विनंती तिने मालकास केली. बेथलेहेमला आल्यावर तिला प्रेमाने वागविण्यात आले, तरी प्रथम तिचे वागणे असे होते की आपणास परत पाठवावे. ब्रॉकडेनने 1752 मध्ये तिला मुक्त केले. 1762 मध्ये तिचा अँड्र्यूशी विवाह झाला. 1820 पर्यंत ती जगली.

ही दोन वृत्ते शेजारी ठेवून वाचावीत. साचा दोहोंचा एकच आहे : दूर भटकलेला आत्मा, प्रेमाने झालेला स्वीकार, कृतज्ञ शेवट. तथापि साच्यात न मावणारे काही दोहोंतही शिल्लक राहिले आहे. दोन बकऱ्यांचा उल्लेख तारणाच्या कथेसाठी आवश्यक नव्हता. तो अँड्र्यूला आठवत होता म्हणून आला. स्वतःलाच विकावे अशी तरुण दासीची विनंती कोणत्याही उपदेशपर पुस्तकात शोभली नसती. ती वृत्तात राहिली, कारण बोलणारीने ती सांगितली आणि ऐकणाऱ्यांनी गाळली नाही. या वाङ्मयाचे मोल अशा जागी आहे. मंडळीची भाषा जेथे विरळ होते तेथे मनुष्य दिसतो.

आता मौनाकडे पाहू. अँड्र्यूचे वृत्त त्याच्या बाप्तिस्म्याविषयी आणि मंडळीतील आनंदाविषयी बोलते. ज्या बंधूंबरोबर तो एका मेजावर प्रभुभोजन घेत होता, त्यांच्याच मालकीत कायद्याने तो होता, या विसंगतीचा मात्र तेथे विचार नाही. ते त्याला सुचले नाही, की सांगण्याजोगे वाटले नाही, की ऐकून घेण्यास कोणी नव्हते, याचा निर्णय कागदावरून करता येत नाही. समीक्षकाने येथे अँड्र्यूच्या मनाविषयी तर्क करीत बसू नये. मंडळीच्या कानाविषयी मात्र प्रश्न अवश्य विचारावा. ज्या मंडळीने 1732 मध्ये गुलामांसाठी सेंट टॉमस बेटावर आपले पहिले मिशनरी धाडले, तिनेच तेथे पुढे गुलामांसह मळा बाळगला. अमेरिकेच्या दक्षिणेकडील सेलम येथे तर 1816 मध्ये कृष्णवर्णीयांचे दफनस्थान वेगळे करण्यात आले आणि 1823 मध्ये त्यांच्यासाठी निराळे उपासनागृह बांधले गेले. ‘देवाचे शेत’ म्हणून जिथे सर्व शिला सारख्या, तिथेच कुंपण आले. या इतिहासाबद्दल तेथील मोरेव्हियन प्रांताने 2006 मध्ये क्षमायाचना केली.

4. तीन आक्षेप

पहिला आक्षेप एकसुरीपणाचा. पाठोपाठ वीस वृत्ते वाचली की शब्द तेच ते वाटू लागतात : अयोग्यता, कृपा, जखमा, घरी जाणे. हा आक्षेप खरा आहे, पण तो वाचण्याच्या पद्धतीतूनही उद्भवतो. ही वृत्ते एका बैठकीत वाचण्यासाठी नव्हती. एका मृत्यूच्या दिवशी एकच वाचले जाई, आणि ऐकणारे त्या माणसास ओळखत असत. परिचित शब्दांनी शोक करणाऱ्यांस आधार दिला, आणि परिचित माणसाने त्या शब्दांस अर्थ दिला.

दुसरा आक्षेप अंतर्मुखतेचा : स्वतःच्या भावनांची नाडी पाहत राहणे. गटेने ‘विल्हेल्म माइस्टर’च्या सहाव्या भागात, 1795 साली, हेर्नहुटच्या वळणाच्या एका भाविक स्त्रीचे आत्मनिवेदन रंगविले आहे, त्यात आदर आहे तसाच हा संशयही आहे. मात्र गटेची नायिका एकटी आहे. जीवनवृत्तांतील भगिनी स्वयंपाकघर, धुणे, मुलींची शाळा आणि दूरचे प्रवास यांत गुंतलेली आहे. सेवेचा तपशील भावनेस ताळ्यावर ठेवतो.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर, तो संस्करणाचा. 1740 च्या दशकात मंडळीत भावनेचा व प्रतिमांचा जो अतिरेक झाला, त्यास ती पुढे ‘चाळणीचा काळ’ म्हणू लागली. झिन्झेन्डॉर्फ यांच्या निधनानंतर (1760) पुढील पिढीने लाजेपोटी त्या काळचे पुष्कळ कागद नष्ट केले. साक्षीची आवड असलेल्या मंडळीसही प्रत्येक साक्ष सोसत नाही. या आक्षेपास उत्तर नाही. तो मान्य करूनच हे वाङ्मय वाचले पाहिजे.

5. आपल्यापुरते

आपल्या भाषेत चरित्र लिहावयाचे ते थोरांचे, अशी दीर्घ परंपरा आहे. बेथलेहेममध्ये सुतार व दासी आपली वृत्ते लिहीत होती, त्याच काळात, 1762 मध्ये, महिपतींनी ‘भक्तविजय’ पूर्ण केला. तो संतांचा ग्रंथ, चमत्कारांनी भरलेला आणि मोठ्या प्रेमाने लिहिलेला. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात बेळगावी जन्मलेल्या बाबा पदमनजींचा ‘अरुणोदय’ (1888) आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (1934 पासून) ही आत्मकथनाची अभिमानास्पद उदाहरणे होत. परंतु ती असाधारण व्यक्तींची आहेत. ज्या शेतमजूर बाईने चाळीस वर्षे मंडळीची घंटा वाजविली, तिच्यासाठी आपल्या नोंदवहीत बाप्तिस्मा, विवाह आणि दफन एवढ्या तीन ओळी असतात. अंत्यविधीत तिच्याविषयी जे बोलले जाते, तेच शब्द किंचित फेरफार करून शेजारणीसही लागू पडतात. हुद्देदाराचा परिचय मात्र लांबतो.

मोरेव्हियन प्रथा जशीच्या तशी उचलावी, असे येथे सुचवावयाचे नाही. गणव्यवस्था त्यांच्या काळाची व वसाहतीची होती, आणि बहुतेक ठिकाणी ती त्यांनीही सोडली आहे. घेण्याजोगा आहे तो तिच्यामागील विश्वास : प्रत्येक सभासदाचे आयुष्य मंडळीने ऐकावे इतक्या योग्यतेचे आहे. पौलाने करिंथकरांस ख्रिस्ताचे पत्र म्हटले, तेव्हा त्याने त्यांच्यातील शिकलेले तेवढे निवडले नव्हते.

तथापि हे काम हाती घेणाऱ्या पाळकाने व उपदेशकाने अँड्र्यूचे वृत्त समोर ठेवावे. वृद्ध सभासदाकडे बसून त्याची हकीकत टिपून घ्यावी, पण त्याच्याच शब्दांत. मंडळीस अडचणीचे वाटेल असे तो काही बोलला, आपल्या जातीविषयी, मालकाविषयी अथवा मंडळीतील वागणुकीविषयी, तर ते गाळण्याचा अधिकार आपणास नाही. मंडळीपुढे काय वाचावे हे त्याने स्वतः जिवंतपणी ठरवावे. आणि जेथे त्याचे शब्द संपतात व आपले सुरू होतात, ती जागा स्पष्ट दाखवावी. मोरेव्हियनांनी ती शिवण बहुधा दिसू दिली, म्हणूनच अडीचशे वर्षांनंतरही त्या दोन बकऱ्या आपणास ठाऊक आहेत.