खलनायकाची बाजू : कुणी आणि कशासाठी घ्यायची?

गेल्या सत्रात तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला पुराणकथांचे पुनर्वाचन शिकवीत होतो. महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) बळीराजाची बाजू कशी मांडली आणि वामनाच्या कथेतला जेत्यांचा कावा कसा उघडा पाडला, हे सांगून झाले. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी थांबली. वसतिगृहात राहणारी, घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. म्हणाली, "सर, आम्हीपण हेच करतो. आम्ही ड्रॅको मालफॉयची बाजू घेतो." त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. तिचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालेच्या सात कादंबऱ्या १९९७ ते २००७ या काळात इंग्रजीत आल्या. पुढे त्या मराठीतही आल्या. त्यांतले जादूगारांचे जग रक्तावर उभे आहे. पिढ्यान्‌पिढ्या जादूगार असलेली घराणी स्वतःला शुद्ध रक्ताची म्हणवतात. ज्यांचे आईबाप जादूगार नाहीत त्यांच्यासाठी एक शिवी आहे, 'मडब्लड', म्हणजे चिखलाच्या रक्ताची. हर्मायनी ही दंतवैद्य आईबापांची मुलगी वर्गात सगळ्यांत हुशार आहे. दुसऱ्या पुस्तकात ड्रॅको तिला भर मैदानात ही शिवी देतो आणि पुढे तिच्या मरणाची इच्छाही बोलून दाखवतो. ज्यांनी गावात, वर्गात, कचेरीत जातीवरून शिवी ऐकली आहे, त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

आणि तरीही जगभरच्या हजारो वाचकांनी, त्यांत बहुसंख्य तरुण मुलींनी, याच ड्रॅकोला नायक केले. ड्रॅको आणि हर्मायनी यांच्या प्रेमाच्या अगणित कथा रचल्या गेल्या. मुली या ड्रॅकोच्या प्रेमात पडतात याची लेखिकेलाच चिंता वाटली आणि २०१४ साली तिने ती लिहूनही दाखवली. २०२५ मध्ये तर अशा काही कथा पात्रांची नावे बदलून मोठ्या प्रकाशनसंस्थांनी पुस्तकरूपात बाजारात आणल्या.

या वाचकांना वेडगळ ठरवून मोकळे होणे मला मान्य नाही. लेखकाने सांगितले तेवढेच वाचायचे, हा नियम आपणही पाळलेला नाही. शंबूकाचा वध धर्म म्हणून वाचायला आपण नकार दिला. एकलव्याच्या अंगठ्याला गुरुदक्षिणा म्हणायला नकार दिला. बाबासाहेबांचे 'रिडल्स' १९८७ साली प्रसिद्ध झाले तेव्हा राम-कृष्णावरील प्रकरणावरून महाराष्ट्रात केवढे वादळ उठले, हे जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. छापील शब्दापुढे मान न तुकवणारा वाचक आपल्याला परका नाही.

स्नेपच्या चाहत्यांचे म्हणणे तर नीट ऐकून घेतले पाहिजे. हा मास्तर गिरणीच्या गावातल्या दरिद्री घरातून आलेला आहे, बाप जादूगार नाही, अंगावरचे कपडे बेढब. श्रीमंत घरचा जेम्स पॉटर त्याला सगळ्यांसमोर उलटा टांगतो. त्याची अवहेलना खरी आहे. पण त्याच क्षणी लिली त्याच्या मदतीला धावते आणि तो तिलाच 'मडब्लड' म्हणतो. बाबासाहेबांनी जिला क्रमिक विषमता म्हटले ती हीच. वरून लाथ बसली की माणूस आपल्याहून खालचा कोण ते शोधतो. स्नेपचे पुढचे प्रेम आणि बलिदान डोळ्यांत पाणी आणते, मलाही आणले. परंतु तो सुरुवातीला अभय मागतो ते फक्त लिलीसाठी. तिच्यासारख्या इतरांचे काय, हा प्रश्न त्याला तेव्हा पडत नाही. चाहत्यांच्या वाचनात हा प्रश्न गळून जातो, आणि तो गळता कामा नये.

ड्रॅकोचे तसे नाही. तो वाड्यातला मुलगा आहे. सहाव्या पुस्तकात तो घाबरून रडतो, त्याला खून करवत नाही, सातव्यात हॅरीला ओळखूनही तो चाचरतो, हे खरे. त्याच्यातला माणूस मेलेला नाही. पण त्याच्या रडण्यामागे त्याच्या स्वतःच्या घराने निवडलेली सत्ता आहे. बळीचे पुनर्वाचन केले तेव्हा फुल्यांनी हरवलेल्याला त्याचे नाव परत दिले. ड्रॅकोचे पुनर्वाचन जिंकणाऱ्या घराण्याच्या वारसाला निर्मळ करून देते. दोन्हीकडे खलनायकाची बाजू घेतली जाते, एवढेच साम्य. दिशा मात्र उलटी आहे.

मग प्रेमाचे काय? १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाह हाच जात मोडण्याचा खरा उपाय सांगितला. म्हणजे प्रेमकथा ही आपल्या दृष्टीने क्षुल्लक गोष्ट नव्हे. परंतु ते तिथेच थांबले नाहीत. माणसे असे विवाह का करत नाहीत हे विचारून त्यांनी बोट शास्त्रांच्या पावित्र्यावर ठेवले. या चाहत्यांच्या कथांत बहुधा शास्त्र शाबूत राहते आणि एका मुलापुरता अपवाद होतो. त्याला सुधारण्याचे ओझे पुन्हा जिला शिवी दिली तिच्याच खांद्यावर येते. क्षमाही तिनेच करायची, धीरही तिनेच धरायचा. 'सैराट'चा (२०१६) शेवट पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला प्रेमाने घर बदलत नाही, घर प्रेमाला मारते, हे सांगायला नको.

सातव्या पुस्तकात सत्ता बदलते आणि एक आयोग बसतो. मगल आईबापांच्या मुलांना तिथे उभे करून विचारतात, तुम्ही जादू कुणाकडून चोरली? गुणवत्ता आमची, तुम्ही ती पळवली, हा आरोप राखीव जागेवर शिकलेल्या प्रत्येकाने ऐकला आहे. मी नोकरीच्या पहिल्या वर्षी शिक्षकांच्या खोलीत ऐकला. हर्मायनीचे उत्तर ठाम आहे. त्याच पुस्तकात ती ती शिवी स्वतःहून उच्चारते आणि तिचा अभिमान असल्याचे सांगते. ज्या प्रेमकथेत तिचा हा आवाज हरवतो, ती कितीही गोड असली तरी तिच्या बाजूची नाही.

आता त्या विद्यार्थिनीला सांगायचे ते असे. ड्रॅकोच्या वाड्यात आणखी एक जण राहत होता, डॉबी. मालफॉयांचा घरगुलाम. मालकाविरुद्ध बोलला की तो स्वतःला शिक्षा करून घेई, भट्टीच्या दारात कान चेपून घेई. एका मोज्याने तो सुटला आणि सातव्या पुस्तकात त्याच वाड्यातून इतरांना सोडवताना मेला. हर्मायनीने या गुलामांसाठी संघटना काढली तर खुद्द लेखिकेनेही तिचा विनोदच केला. पुनर्वाचनाची जागा इथे आहे. ड्रॅकोचे बालपण लिहायचेच असेल तर ते डॉबीच्या स्वयंपाकघरातून लिही. त्या घरात मुलगा कसा घडतो, शिवी कुठे शिकतो, हे तिथून दिसेल. मग तुला त्याची कीव आली तर येऊ दे. ती कीव कमावलेली असेल.