कायद्यांची गणना आणि इतिहासाची साक्ष : अमेरिकेतील घटकराज्यांच्या शस्त्रविधींविषयी

अमेरिकेतील शस्त्रविषयक कायद्यांची चर्चा बहुधा संघराज्याच्या घटनेतील दुसऱ्या दुरुस्तीपासून सुरू होते आणि तिच्या शब्दार्थाच्या वादातच संपते. वस्तुतः १७९१ मध्ये स्वीकारलेल्या या दुरुस्तीचा घटकराज्यांच्या विधिमंडळांशी दीर्घकाळ संबंधच नव्हता. घटनेतील मूलभूत हक्कांची सनद केवळ संघसरकारास बांधते, असे सर्वोच्च न्यायालयाने १८३३ मध्ये ठरविले. दुसऱ्या दुरुस्तीच्या बाबतीत तोच निर्णय १८८६ च्या प्रेसर खटल्यात पुन्हा देण्यात आला. ही स्थिती पालटली ती थेट २०१० मध्ये, मॅक्डोनल्ड खटल्याने. तोपर्यंत पिस्तूल कोणी, कोठे व कसे बाळगावे हे बव्हंशी राज्याचा कायदा ठरवीत असे, आणि त्या कायद्याची परीक्षा राज्याच्याच घटनेच्या कसोटीवर होत असे. या विषयाचा इतिहास शोधावयाचा तर तो केंटकी, टेनेसी, जॉर्जिया, टेक्सस यांच्या विधिसंग्रहांतच शोधावा लागतो.

या संग्रहांना २०२२ पासून अकस्मात महत्त्व आले आहे. त्या वर्षीच्या ब्रुएन खटल्यात न्यायमूर्ती टॉमस यांनी बहुमताच्या वतीने असा दंडक घालून दिला की, शस्त्रनियंत्रणाचा कोणताही आधुनिक कायदा टिकावयाचा असेल, तर तो राष्ट्राच्या ऐतिहासिक नियमनपरंपरेशी सुसंगत असल्याचे सरकारने सिद्ध केले पाहिजे. परिणामी वकील जुने कायदे धुंडाळू लागले. सुदैवाने सामग्री अगदीच विखुरलेली नव्हती. रॉबर्ट स्पिट्झर यांचा २०१७ चा वर्गीकरणात्मक निबंध होता. ड्यूक विद्यापीठाच्या केंद्राने तयार केलेला जुन्या शस्त्रविधींचा संग्रहही उपलब्ध होता. या परिश्रमांबद्दल अभ्यासकांनी कृतज्ञ असले पाहिजे. तथापि संग्रहाचा उपयोग ज्या रीतीने होऊ लागला आहे, तिच्याविषयी गंभीर शंका घेणे अवश्य आहे. एक पक्ष सदृश कायद्यांची यादी सादर करतो, दुसरा त्यांतील नोंदी एकेक करून बाद करतो, आणि उरलेल्या संख्येस ‘परंपरा’ हे नाव मिळते किंवा नाकारले जाते. ही गणना झाली; इतिहास याहून निराळा आहे.

केंटकीचे उदाहरण घ्यावे. झाकून शस्त्र बाळगण्यास मनाई करणारे पहिले कायदे केंटकी व लुइझियाना या राज्यांनी १८१३ मध्ये केले. काठीत दडविलेली तलवार बाळगल्याबद्दल ब्लिस नामक इसमास केंटकीत शंभर डॉलर दंड झाला. परंतु १८२२ मध्ये राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने तो कायदाच घटनाबाह्य ठरविला. शस्त्रस्वातंत्र्याच्या पुरस्कर्त्यांना हा निकाल अतिशय प्रिय आहे. पण कथा येथे संपत नाही. राज्याने आपली घटना नव्याने लिहिली तेव्हा, १८५० मध्ये अमलात आलेल्या त्या घटनेत, झाकलेल्या शस्त्रांवर बंदी घालण्याचा अधिकार विधिमंडळास स्पष्ट शब्दांत देण्यात आला. न्यायालयाने जे नाकारले ते जनतेने घटनेच्या मार्गाने परत घेतले. यादीत मात्र हे तीन टप्पे तीन सुट्या नोंदी होऊन पडतात, आणि ज्याला जी सोयीची ती त्याने उचलावी, असे चालते. जॉर्जियाचीही गत अशीच. तेथील १८३७ च्या कायद्यातील उघड शस्त्रधारणेवरील बंदी १८४६ च्या नन खटल्यात न्यायमूर्ती लम्प्किन यांनी रद्द केली. झाकलेल्या शस्त्रांवरील बंदी मात्र त्यांनी कायम ठेवली. एकाच निकालपत्राचा अर्धा भाग एक पक्ष उद्धृत करतो, उरलेला दुसरा.

दुसरा प्रश्न मौनाचा आहे. एखाद्या गोष्टीविषयी कायदा आढळत नाही, याचा अर्थ ती गोष्ट निर्बाध हक्काची होती, असा काढता येईल काय? लॉरा एडवर्ड्स यांनी कॅरोलिना राज्यांच्या अभ्यासात दाखविले आहे की, क्रांत्युत्तर काळात सार्वजनिक शांततेचे रक्षण पुष्कळ अंशी स्थानिक न्यायाधिकाऱ्यांच्या हाती होते व त्याचा माग छापील अधिनियमांत लागत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या १८३६ च्या कायद्याचे मर्म याच संदर्भात ध्यानी येते. वाजवी भीतीचे कारण दाखवून कोणी तक्रार केल्यास, शस्त्र घेऊन हिंडणाऱ्याकडून शांतता राखण्याचा जातमुचलका घेण्याची त्यात तरतूद होती. ब्रुएन खटल्यात या जातमुचलक्यांना फारच थोडे वजन मिळाले. पुढे दोनच वर्षांनी, २०२४ च्या रहीमी खटल्यात, कौटुंबिक हिंसेमुळे न्यायालयाचा प्रतिबंधक आदेश ज्याच्यावर आहे त्याचे शस्त्र काढून घेणे वैध ठरविताना न्यायालयाने याच जातमुचलक्यांचा मोठा आधार घेतला. टॉमस यांनी एकट्यांनी भिन्नमत नोंदविले. त्यांच्या मते त्या काळी कौटुंबिक हिंसेवर असा उपाय योजलेला नव्हता. हे त्यांचे म्हणणे ब्रुएनच्या तर्कास धरूनच होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्या समाजात विवाहित स्त्रीचे विधिदृष्ट्या स्वतंत्र अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन होत असे, तेथे तिच्या रक्षणार्थ पतीचे पिस्तूल काढून घेणारा अधिनियम कोण करणार होते? अशा मौनातून शस्त्रहक्काचा पुरावा काढणे हे साधनांच्या स्वरूपाविषयीचे अज्ञान होय.

तिसरी अडचण हेतूची; आणि येथे नियंत्रणाच्या बाजूच्या लेखकांनाही सावध राहावे लागेल. टेनेसीच्या १७९६ च्या घटनेने शस्त्रधारणेचा हक्क स्वतंत्र पुरुषांना दिला होता. १८३४ मध्ये तेथे ‘गोरे’ हा शब्द घालण्यात आला. यादवी युद्धानंतर १८७० च्या घटनेत तो गळाला, आणि गुन्हे टाळण्याच्या उद्देशाने शस्त्रधारणेचे नियमन करण्याचा अधिकार विधिमंडळास मिळाला. पुढे १८७९ मध्ये भूसेना व नौसेना यांच्या पद्धतीच्या पिस्तुलांखेरीज अन्य पिस्तुलांच्या विक्रीवर राज्याने बंदी घातली. स्वस्त पिस्तुले गेली, महाग राहिली. म्हणून हा कायदा मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांस निःशस्त्र करण्यासाठीच होता, असे विधान अनेक ग्रंथांतून केले जाते. परिणाम तसा झाला असेल, हे कोणी नाकारणार नाही. परंतु अँड्र्यूज खटल्यात १८७१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने लष्करी उपयोगाच्या रिव्हॉल्व्हरला घटनेचे संरक्षण असल्याचे म्हटले होते, याचा त्या विधानांत उल्लेख नसतो. तो निकाल डोळ्यांपुढे ठेवला म्हणजे हा अपवाद विधिमंडळास जवळजवळ अपरिहार्य होता, हे दिसून येते. दोन कारणे एकाच कलमात नांदू शकतात, आणि केवळ कलम वाचून त्यांची वाटणी करता येत नाही.

फ्लॉरिडाच्या बाबतीत साक्ष अधिक स्पष्ट आहे. विंचेस्टर व तत्सम रायफलींसाठी परवाना आवश्यक करणारा १८९३ चा तेथील कायदा शब्दशः सर्वांना लागू होता. त्यात वर्णाचा उल्लेख नाही. यादी करणारा त्याची नोंद ‘परवानापद्धती’ या सदरात करील आणि पुढे जाईल. परंतु वॉट्सन विरुद्ध स्टोन या १९४१ च्या खटल्यात न्यायमूर्ती बफर्ड यांनी आपल्या सहमतीच्या मतात लिहून ठेवले आहे की, टर्पेन्टाइन व लाकूडतोडीच्या तळांवर आलेल्या निग्रो मजुरांस निःशस्त्र करण्याकरिता हा कायदा झाला. गोऱ्यांना तो लागू करण्याचा हेतू कधीच नव्हता, आणि व्यवहारात तो लागू केलाही गेला नाही. न्यायासनावरून दिलेली इतकी निःसंकोच कबुली क्वचितच आढळते. हे मत उपलब्ध नसते तर हा कायदा आज कोणत्या सदरात, कोणाच्या बाजूने मोजला गेला असता, याचा विचार प्रत्येक संग्राहकाने करावा.

या पद्धतीची परिणती हवाई राज्याच्या कायद्यावरील खटल्यात पाहावयास मिळते. लोकांना खुल्या असलेल्या खाजगी जागेत मालकाच्या स्पष्ट अनुमतीवाचून शस्त्र नेऊ नये, असे त्या राज्याने २०२३ मध्ये ठरविले. नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये हे कलम उचलून धरताना विशेष भर दिला तो दोन जुन्या कायद्यांवर. पहिला न्यू जर्सीचा १७७१ चा. त्याचे प्रयोजन हरणे व इतर शिकारीचे प्राणी राखणे आणि बंदुकीसह होणारा अतिक्रम रोखणे हे होते. दुसरा लुइझियानाचा १८६५ चा. दुसऱ्याच्या मळ्यावर वा आवारात मालकाच्या संमतीवाचून शस्त्र नेण्यास त्याने मनाई केली होती. शब्दसादृश्य निर्विवाद आहे. पण १८६५ च्या अखेरीस लुइझियानात भूमिहीन, नुकताच मुक्त झालेला मजूर राहत होता तो बहुधा पूर्वीच्या धन्याच्याच किंवा दुसऱ्या कोणा गोऱ्याच्या मळ्यावर. त्याची झोपडी ‘दुसऱ्याच्या जागेत’ होती. म्हणजे त्याला स्वतःच्या घरात बंदूक ठेवावयाची तर संमती घ्यावी लागणार होती ती मळेवाल्याची. हवाईच्या दुकानात शिरणाऱ्या गिऱ्हाइकाची स्थिती आणि त्या मजुराची स्थिती यांत साम्य पाहावयाचे, तर अधिनियमाच्या ओळीपलीकडचे सारे दृष्टीआड करावे लागते. आणि निकालाच्या आधारसूचीत त्या मजुराविषयी काही नाही, आहेत त्या दोन ओळी : एक लुइझियानाची, दुसरी न्यू जर्सीच्या हरणांची.