विटाळ आणि स्वच्छता

तरुण मुलींचे आरोग्य आणि त्यांना घातक ठरणाऱ्या रूढी या विषयावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुष्कळ संशोधन झाले. त्यात मासिक पाळीचा वाटा मोठा आहे. पाळीच्या दिवसांत मुली शाळेत का येत नाहीत याची मोजणी केनिया, युगांडा, घाना येथे झाली, नेपाळात झाली, आपल्याकडेही झाली. हे काम व्हायलाच हवे होते. परंतु ते वाचताना एक गोष्ट सतत खटकते. आपल्या भाषेत ज्याला 'विटाळ' म्हणतात, तो या संशोधनात येईपर्यंत 'स्वच्छता' होऊन जातो. विटाळाचा संबंध सत्तेशी आहे, स्वच्छतेचा साबणाशी. एकाच्या जागी दुसरी बसवली की प्रश्न विचारणाऱ्याची सोय होते आणि विटाळ पाळणाऱ्याचीही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा घ्या. 15 ते 24 वयाच्या ज्या मुली पाळीत आरोग्यदायी साधन वापरतात त्यांचे प्रमाण 2015-16 मध्ये 57.6 टक्के होते, 2019-21 मध्ये ते 77 टक्क्यांच्या वर गेले. जुलै 2018 मध्ये पॅडवरचा 12 टक्के जीएसटीही गेला. आनंदच आहे. पण हा आकडा मुलीच्या हातात काय आले एवढेच सांगतो. ते घेऊन ती स्वयंपाकघरात वावरते की मागल्या पडवीत बसते, हे त्यातून कळत नाही. पॅड वापरणारी मुलगीही 'बाहेरची' असते. तिलाही कावळा शिवतो.

मी राहते त्या गणपतीपुळ्यात हे रोज दिसते. डोंगर हाच देव मानून लोक त्याला प्रदक्षिणा घालतात, आणि सहकुटुंब आलेल्या मंडळींपैकी एखादी मुलगी चपला सांभाळत वाळूत बसून राहते. तिला कोणी अडवलेले नसते. अडवावे लागत नाही, इतके ते घरून शिकवून पाठवलेले असते. गौरी-गणपती जवळ आले की यावर दुसरा उपाय निघतो : पाळी पुढे ढकलण्याची गोळी. नॉरएथिस्टेरॉन हे तिचे औषधी नाव. अतिरक्तस्राव आणि गर्भाशयाच्या काही विकारांवर वापरायचे हे औषध. पाळीच्या तारखेआधी तीन दिवस सुरू करून दिवसातून तीनदा घ्यायचे; बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. रक्ताच्या गुठळ्यांचा वा यकृताचा त्रास असणाऱ्या बाईला ते धोक्याचे ठरू शकते, म्हणून डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. प्रत्यक्षात सासू सुनेला सांगते, सून नवऱ्याला दुकानात पाठवते. हिला रूढी म्हणायचे की आधुनिकता? संशोधकांच्या 'घातक प्रथां'च्या यादीत झोपडीत बसवणारी नेपाळची छौपदी चटकन सापडते. तेथे तिच्यावर 2017 मध्ये कायदाही झाला. औषधाच्या दुकानातली गोळी त्या यादीत सहसा सापडत नाही, कारण ती शिकलेल्या घरात घेतली जाते.

या संदर्भात अफ्रिकेतली एक घटना ध्यानात घेण्याजोगी आहे. स्त्रियांच्या सुंतेविरुद्ध पाश्चात्त्य स्त्रियांनी मोहीम चालवली, तेव्हा 1980 च्या कोपनहेगन परिषदेच्या सुमारास अफ्रिकी संशोधक स्त्रियांच्या संघटनेने तिच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. प्रथेचे समर्थन त्यांना करायचे नव्हते. भूक, श्रम आणि शोषण बाजूला ठेवून बाईच्या शरीराचा एकच अवयव चव्हाट्यावर मांडायचा, याला त्यांचा विरोध होता. आपल्याकडे बीडचे उदाहरण तसेच आहे. 2019 मध्ये ऊसतोड कामगार स्त्रियांची सरकारी पाहणी झाली : 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. वृत्तपत्रांनी अज्ञान, अंधश्रद्धा आणि लबाड डॉक्टर एवढ्यावर भागवले. यामागे उचल आहे, नवराबायको मिळून एक कोयता धरण्याची रीत आहे, खाडा पडला तर कापला जाणारा पैसा आहे. फडात ना पाणी ना संडास. पाळी ज्याला परवडत नाही तो तेथे देव नव्हे, मुकादम आहे, आणि त्याच्यावर साखर कारखाना.

आता विटाळ या शब्दाकडेच वळू. सोयराबाईंनी चौदाव्या शतकात हा प्रश्न देहाच्या उत्पत्तीशी नेऊन भिडवला. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर यांनी 1888 मध्ये लिहिलेल्या पुस्तकाचे नावच 'विटाळ विध्वंसन'. जातीचा आणि पाळीचा विटाळ आपल्या भाषेत एकाच शब्दाने चालतो हा योगायोग नव्हे. 28 सप्टेंबर 2018 च्या शबरीमला निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी हेच मांडले : पाळीवरून बाईला दूर ठेवणे ही अस्पृश्यताच, आणि संविधानाचे कलम 17 तिलाही लागू होते. न्या. इंदू मल्होत्रा यांनी वेगळे मत नोंदवले. त्यांच्या मते हे कलम जातीय अस्पृश्यतेपुरतेच आहे. 2019 मध्ये यातले प्रश्न मोठ्या पीठाकडे गेले.

आपल्यातल्या पुष्कळांना मल्होत्रांचे म्हणणे मनातून पटेल. आपण लढून मिळवलेले कलम पातळ होईल ही भीती खोटी नाही. मला मात्र चंद्रचूडांची बाजू बरोबर वाटते, पण ती अपुरी आहे. सवर्ण बाईचा विटाळ चार दिवसांचा. डोक्यावरून पाणी घेतले की फिटतो. आमचा जन्मापासून मरेपर्यंतचा होता. शिवाय पाचव्या दिवशी शुद्ध झालेली तीच बाई काय करत होती? याच जिल्ह्यातल्या उर्मिला पवारांचे 'आयदान' (2003) वाचावे. आईने विणलेली आयदाने घेऊन गेलेली मुलगी पायरीशी उभी आहे, आणि घरातली माणसे आयदानांवर पाणी शिंपडून मगच ती आत घेतात. विटाळ सोसणारी आणि विटाळ मानणारी एकच असू शकते, हे स्त्रीवादी विवेचनात फारसे येत नाही. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्याचा निकाल 2016 मध्ये उच्च न्यायालयाने दिला, तो 1956 च्या मंदिरप्रवेश कायद्याच्या आधारे. तो कायदा अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशाच्या लढ्यातून आला. चौथऱ्यावर चढण्याचा आनंद साजरा झाला, पण कायद्याचे मूळ क्वचितच कोणी सांगितले.

आणि आमच्या घरांचे काय? 1956 नंतर आम्ही देव्हारे उचलून टाकले. पदवीपर्यंत पोचलेली घरातली मी पहिली. देव नसलेल्या घरातही लोणच्याच्या बरणीला हात लावू नको, हे मी ऐकतच वाढले. माझ्या वर्गातल्या बौद्ध मुली आजही तेच ऐकतात, आणि वंदनेच्या वेळी मागे बसतात. त्यांना तसे कोणी सांगितले, कोणत्या आधारावर, आणि विहारात त्याबद्दल कधी कोणी बोलले काय, याची चौकशी दुसऱ्या कोणी करायची वाट पाहण्याचे कारण नाही. ती आपल्या घरांतून, आपल्या मुलींनी, पुढच्या वर्षावासात सुरू करता येईल.