नामांची यथार्थता : प्लेटोच्या 'क्रॅटिलस' संवादाचे पुनर्वाचन

शब्द आणि वस्तू यांच्या संबंधाविषयीच्या ग्रीक चिंतनात प्लेटोच्या 'क्रॅटिलस' या संवादाचे स्थान मध्यवर्ती आहे. नाम वस्तूला निसर्गतःच लाभलेले असते, हे क्रॅटिलसचे मत; ते संकेताने व रूढीने ठरते, हे हर्मोजेनीसचे. पाठ्यपुस्तकांतून हा संवाद बहुधा या दोन पक्षांच्या वादापुरताच मांडला जातो. वस्तुतः नामाच्या आधारे वस्तूचे ज्ञान होते काय, हा त्यातील अधिक मूलगामी प्रश्न होय.

सॉक्रेटिस प्रथम हर्मोजेनीसचे मत खोडून काढतो. मागावरील धोटा जसा धागे वेगळे करतो, तसे नाम हे वस्तुस्वरूप विभक्त करून शिकविणारे साधन आहे. ते घडविणारा कोणी नामकर्ता असतो. मीमांसकांच्या नित्य शब्दार्थसंबंधाची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. परंतु मीमांसेत असा नामकर्ता नाही, त्यामुळे ही तुलना फार ताणता येत नाही.

यानंतर देवता, सद्गुण इत्यादींच्या नावांच्या व्युत्पत्तींची मालिका सुरू होते. तिने सुमारे अर्धा संवाद व्यापला आहे. अनेक भाष्यकारांनी ती थट्टा समजून बाजूला सारली. डेव्हिड सेडली यांनी २००३ मधील ग्रंथात ती गांभीर्याने वाचली असून ही भूमिका ग्राह्य वाटते. कारण संवादातील मुख्य युक्तिवादाची सामग्री येथेच आहे. सर्व काही प्रवाही आहे, हे हेराक्लिटसचे मत सॉक्रेटिसला या नामांत दडलेले आढळते. 'एपिस्टेमे' म्हणजे ज्ञान, हा शब्द तो आधी गतिसूचक ठरवितो. पुढे तोच शब्द चित्ताला वस्तूपाशी थांबविणारा, म्हणजे स्थैर्यसूचक, ठरवितो. एकच शब्द दोन विरुद्ध साक्षी देतो. व्युत्पत्तीतून वस्तू हाती येत नाही, नामकर्त्याचे वस्तूविषयीचे मत हाती येते. आणि ते मत चुकीचे असू शकते. 'सहित'पासून 'साहित्य' साधून विवेचनास आरंभ करण्याची आपल्याकडील प्रथाही या आक्षेपातून सुटत नाही.

क्रॅटिलसची खरी अडचण 'स्क्लेरोटेस' या शब्दापाशी होते. 'र' हा ध्वनी गती व काठिण्य सुचवितो आणि 'ल' मृदुता, असे उभयतांना मान्य आहे. मग काठिण्यवाचक शब्दात 'ल' कसा? तरीही शब्द कळतो, आणि तो सवयीने कळतो, हे क्रॅटिलसला कबूल करावे लागते. संकेताचे तत्त्व असे पुन्हा प्रवेश करते. शिवाय वस्तू नामांवाचून कळतच नसतील, तर आद्य नामकर्त्याला त्या कशा कळल्या? दैवी शक्तीचा आधार घेऊनही हा पेच सुटत नाही.

'पेरी हर्मेनेइआस'मध्ये ॲरिस्टॉटलने नाम संकेतसिद्ध मानले. मात्र त्याने हर्मोजेनीसच्या प्रश्नाचेच उत्तर मिळते. वस्तूंचे ज्ञान वस्तूंपासूनच घ्यावे, असे सॉक्रेटिस म्हणतो; ते कसे घ्यावे, हे मात्र कदाचित आपल्या आवाक्याबाहेरचे म्हणून सोडून देतो. संवादातील हे सर्वांत दुबळे स्थळ आहे. क्रॅटिलस अखेरपर्यंत हेराक्लिटसचाच राहतो. ॲरिस्टॉटलच्या 'मेटाफिजिक्स'मधील नोंदीनुसार, काहीही बोलू नये अशा मतास तो शेवटी आला आणि केवळ बोट हलवू लागला.