नेव्हिल कार्डस : आधीचा आणि नंतरचा

क्रिकेटच्या वार्तांकनाला वाङ्मयाची प्रतिष्ठा मिळवून देणारा लेखक म्हणून नेव्हिल कार्डसचे नाव घेतले जाते, आणि ते रास्तच आहे. मात्र त्याच्या लेखनाविषयी एक मत रूढ झाले आहे : आरंभीचा कार्डस शब्दबंबाळ, नंतरचा परिपक्व. आम्हांस हे मत अर्धेच पटते.

मँचेस्टरच्या रशहोम भागात, लोकांचे कपडे धुऊन देणाऱ्या घरात तो वाढला. जन्मसाल तो १८८९ सांगे. सरकारी नोंद १८८८ ची आहे. शाळा लवकर सुटली, पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयांत झाले. १९१७ साली तो ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये लागला आणि १९१९ साली, दुखण्यातून उठल्यावर मोकळी हवा लाभावी म्हणून, त्याला ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानावर धाडण्यात आले. औषध म्हणून दिलेले हे काम त्याचे जीवितकार्य ठरले.

‘अ क्रिकेटर्स बुक’ (१९२२) आणि ‘डेज इन द सन’ (१९२४) ही त्या पहिल्या बहराची पुस्तके. त्यांत अलंकारांची रेलचेल आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. फलंदाजाने एक फटका मारावा आणि लेखकाने त्यासाठी संगीत, काव्य आणि आकाश अशी सारी सामग्री गोळा करावी, असा प्रकार तेथे वारंवार घडतो. तरीही ही पाने जिवंत वाटतात. का, ते पाहण्यासाठी १९२१ च्या ऑगस्टमधील ईस्टबोर्नचा सामना घ्यावा. आर्मस्ट्राँगचा ऑस्ट्रेलियन संघ त्या दौऱ्यात तोवर एकही सामना हरला नव्हता. त्याच्यासमोर उभा राहिला पन्नाशीला टेकलेल्या मॅक्लॅरनचा संघ. मॅक्लॅरन हे कार्डसचे बालपणापासूनचे दैवत. पहिला डाव अवघ्या ४३ धावांत आटोपला. ऑस्ट्रेलियाने १७४ केल्या. मग फॉकनरच्या १५३ धावांच्या बळावर ३२६ झाल्या, आणि १९६ धावांचे लक्ष्य असता ऑस्ट्रेलिया १६७ वर संपली. अठ्ठावीस धावांनी विजय! बहुतेक नामवंत वार्ताहर तेथे फिरकलेच नव्हते. कार्डस तेथे होता. पहिल्या संध्याकाळी लिहिताना पुढे काय होणार हे त्यालाही ठाऊक नव्हते. दैनिकासाठी रोज लिहिणाऱ्याला शेवट माहीत नसतो, म्हणून त्याला डोळे उघडे ठेवावेच लागतात. अलंकारांच्या गर्दीतही ती नजर शाबूत आहे.

१९२७ पासून तो त्याच पत्राचा संगीतसमीक्षकही झाला. संगीताच्या सहवासाने त्याच्या गद्याला आवर आला असावा, असे आम्हांस वाटते. ‘ऑस्ट्रेलियन समर’ (१९३७) हे आमच्या मते त्याचे सर्वोत्तम पुस्तक. इंग्लंडने पहिल्या दोन कसोट्या जिंकल्या. मग ब्रॅडमनने २७०, २१२ आणि १६९ धावा काढून मालिकाच फिरवली. येथे भाषा संयत आहे आणि नजर अजून मैदानावर आहे. असा योग पुन्हा जुळला नाही.

१९४७ चे आत्मचरित्र वाक्यांच्या दृष्टीने निर्दोष म्हणावे लागेल. पण त्यातील सामने आता संपलेले आहेत. लेखकाला प्रत्येकाचा शेवट पाठ आहे. पुढे ‘फुल स्कोअर’ (१९७०) पर्यंत तीच माणसे आणि तेच किस्से थोडे अधिक घासूनपुसून येत राहतात. १९६७ साली त्याला ‘सर’ हा किताब मिळाला, तोवर तो स्वतःच्याच आठवणींचा वार्ताहर झाला होता. (व्यासपीठावरून कथा सांगणाऱ्या आम्हां मंडळींना हा मोह अपरिचित नाही.)

एमट रॉबिन्सनचे उदाहरण येथे महत्त्वाचे आहे. पस्तिशीत यॉर्कशायरच्या संघात आलेला हा कष्टाळू, हिशेबी खेळाडू आज स्मरणात आहे तो कार्डसच्या लेखणीमुळे. त्याच्या तोंडची बरीच वाक्ये आपणच रचली, हे कार्डसने पुढे दडवले नाही. त्या माणसाच्या स्वभावाचे सत्य आपण शब्दांत आणले, असे त्याचे समर्थन होते. लॅंकेशायर-यॉर्कशायर सामन्यांच्या कडेला बसून, त्या माणसाला वर्षानुवर्षे पाहून रचलेले वाक्य वेगळे, आणि पूर्वी आपणच रचलेल्या वाक्यावरून रचलेले वेगळे. पहिल्यास आम्ही सवलत देऊ, दुसऱ्यास देणार नाही. रॉबिन्सन प्रत्यक्षात कसा बोलत असे, हे आता कार्डसच्या पानांवरून ठरवता येत नाही.